अनरियल इंजिनमध्ये सी प्लस प्लस : पहिलं दार उघडेपर्यंत

अनरियल इंजिन हे व्हिडिओ गेम बनवायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की बहुतेकांची गत सारखीच होते. समोर बटणांची दाटी, दोन्ही बाजूंना पॅनल, खाली आणखी एक पॅनल, आणि आपण कोड नेमका लिहायचा कुठे हेच कळत नाही. मग यूट्यूबवर लांबलचक मालिका लावली जाते, समोरचा टाइप करतो तसं टाइप केलं जातं. मालिका संपते, गेमही चालतो, पण स्वतःच्या मनाने एक साधं दार उघडायला सांगितलं तर हात थांबतो.

म्हणून माझं नव्याने येणाऱ्यांना सांगणं असं असतं : सुरुवातीला इंजिन शिकायला जाऊच नका. इंजिन आपल्या कोडला कधी बोलावतं आणि आपला कोड इंजिनाकडून काय मागून घेतो, एवढंच नीट समजून घ्या. त्याला एक दार पुरतं. खेळाडू जवळ आला की बाजूला सरकणारं, तो गेला की बंद होणारं. या लेखात आपण तेवढंच करणार आहोत, पण त्यातली प्रत्येक गोष्ट का करायची हे समजून.

सी प्लस प्लसमधलं थोडं येत असेल असं धरून चालतो : क्लास, इनहेरिटन्स, पॉइंटर, हेडर फाइल आणि सीपीपी फाइल यांतला फरक, व्हर्च्युअल फंक्शन ओव्हरराइड करणं. एवढं पुरे. स्टँडर्ड लायब्ररीतले व्हेक्टर आणि मॅप इथे जवळपास लागत नाहीत, कारण अनरियलचे स्वतःचे टी-अ‍ॅरे, टी-मॅप आणि एफ-स्ट्रिंग आहेत. पॉइंटर म्हणजे काय याबद्दल मात्र मनात गोंधळ असेल तर आधी आठवडाभर नुसतं सी प्लस प्लस करा, मग इकडे या. इथे अडलेल्या दहा जणांपैकी बहुतेक जण इंजिनामुळे अडलेले नसतात, पॉइंटरमुळे अडलेले असतात.

आधी हे इंजिन आपल्याला हवं आहे का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. मोबाइलवरचा टू-डी गेम करायचा असेल तर गोडोमध्ये तुम्ही लवकर पोहोचाल. ते एमआयटी परवान्याखालचं मुक्त इंजिन आहे आणि डाउनलोडही अगदी हलकं आहे. सी शार्प येत असेल तर युनिटी जवळचं वाटेल. अनरियल घ्यावं ते थ्री-डीसाठी, मोठ्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर, किंवा इंजिनाच्या आत काय चाललंय हे वाचायची हौस असेल तर. आपलं गिटहब खातं हे इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या खात्याशी जोडलं की इंजिनाचा अख्खा सोर्स कोड वाचायला मिळतो, आणि शिकणाऱ्याला एवढी मोठी गोष्ट दुसरी नाही.

या इंजिनाचा पसारा एवढा का, याचं कारण त्याच्या वयात आहे. टिम स्वीनी यांच्या एपिक कंपनीने १९९८ मध्ये 'अनरियल' नावाचा गेम काढला, त्याच्यासाठी लिहिलेलं हे इंजिन. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत गेमचा कोड अनरियलस्क्रिप्ट या वेगळ्या भाषेत लिहीत. २०१४ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा ती भाषा काढून टाकली आणि दोन रस्ते ठेवले : थेट सी प्लस प्लस, किंवा ब्लूप्रिंट, म्हणजे चौकोन आणि तारा जोडून केलेला दृश्य कोड. एप्रिल २०२२ मध्ये पाचवी आवृत्ती आली. इतक्या वर्षांचे थर एकावर एक बसले आहेत, त्यामुळे एकच काम करायच्या तीन पद्धती सापडतात आणि त्यांतल्या दोन जुन्या असतात. इनपुटचंच घ्या. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्शन मॅपिंग' भरायची जुनी पद्धत ५.१ पासून मागे पडली, आता 'एन्हान्स्ड इनपुट' वापरतात. पण नेटवरचे निम्मे धडे अजून जुनी पद्धत शिकवतात. धडा बघण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे बघायची सवय लावून घ्या. स्वतःचा प्रोजेक्टही ज्या आवृत्तीत सुरू केला तिच्यातच पूर्ण करा. नवी आवृत्ती आली म्हणून मधेच उडी मारू नका.

पैशांचं म्हणाल तर शिकायला आणि गेम करायला इंजिन फुकट आहे. एखाद्या गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी द्यावी लागते. आज ती चिंता नको.

मशीन आणि इन्स्टॉलेशन

१६ जीबी रॅमवर काम होतं, ३२ असेल तर सुखाने होतं. एसएसडी मात्र हवीच. साध्या हार्ड डिस्कवर अनरियल चालवणं म्हणजे दिवसभर प्रोग्रेस बार बघत बसणं. डिस्कवर शंभरेक जीबी जागा मोकळी ठेवा.

एपिक गेम्स लाँचरमधून इंजिन उतरवताना 'ऑप्शन्स' उघडून बघा. तिथे अँड्रॉइड, आयओएस, लिनक्स यांचे भाग आणि 'एडिटर सिम्बॉल्स फॉर डीबगिंग' यांच्यापुढे खुणा असतात. सुरुवातीला या सगळ्या काढून टाका. सिम्बॉल्सच एकटे कित्येक जीबी खातात. पुढे इंजिनाच्या आतल्या क्रॅशचा माग काढायची वेळ आली तर तेवढाच भाग नंतर टाकता येतो.

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ची कम्युनिटी आवृत्ती घ्या आणि इन्स्टॉलरमध्ये 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस' आणि 'गेम डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस' हे दोन्ही संच निवडा. हे राहिलं तर अनरियलला कंपायलरच सापडत नाही. जेटब्रेन्सचं रायडर आता अव्यावसायिक वापराला फुकट आहे, आणि अनरियलचा कोड समजून घेण्यात ते मला व्हिज्युअल स्टुडिओपेक्षा सरस वाटतं. लॅपटॉप जुना असेल तर दोन्ही एकदम उघडी ठेवू नका.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास नडते. प्रोजेक्टच्या पूर्ण पाथमध्ये देवनागरी अक्षरं, मोकळ्या जागा किंवा वनड्राइव्हचं फोल्डर येऊ देऊ नका. विंडोजचं यूजरनेम मराठीत ठेवलं असेल तर 'डॉक्युमेंट्स'मध्ये प्रोजेक्ट करायच्या भानगडीत पडू नका. डी ड्राइव्हवर सरळ एक छोट्या इंग्रजी नावाचं फोल्डर करा आणि त्यात ठेवा. प्रोजेक्टचं नावही वीस अक्षरांच्या आत.

लाँचरमधून इंजिन सुरू करा, 'गेम्स'मध्ये 'थर्ड पर्सन' टेम्प्लेट निवडा आणि ब्लूप्रिंटऐवजी सी प्लस प्लसवर क्लिक करा. पहिल्यांदा उघडताना खालच्या कोपऱ्यात 'कंपायलिंग शेडर्स' (शेडर म्हणजे वस्तू पडद्यावर कशी दिसेल ते ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) असा आकडा हलत राहील, पंखा जोरात फिरेल. काही बिघडलेलं नाही, होऊ द्या. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. नंतरही सगळं अडखळत असेल तर एडिटरच्या सेटिंगमधून 'स्केलेबिलिटी' लो किंवा मीडियम करा, आणि प्रोजेक्ट सेटिंगच्या रेंडरिंग विभागात 'डायनॅमिक ग्लोबल इल्युमिनेशन' नन करा. ल्युमेन नावाची प्रकाशयोजना बंद होते आणि साधा ग्राफिक्स कार्डही श्वास घेतो. आपल्या दाराला ल्युमेनची गरज नाही.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'सोर्स'मध्ये तुमचा कोड, 'कंटेंट'मध्ये मॉडेल, नकाशे, ब्लूप्रिंट, आणि 'कॉन्फिग'मध्ये सेटिंग. हे तीन आणि यूप्रोजेक्ट फाइल म्हणजे तुमचा प्रोजेक्ट. 'बायनरीज', 'इंटरमिजिएट', 'सेव्ह्ड', 'डेराइव्ड डेटा कॅश' ही इंजिनाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली. काहीतरी विचित्र अडलं तर एडिटर बंद करून 'बायनरीज' आणि 'इंटरमिजिएट' खुशाल डिलीट करा, यूप्रोजेक्ट फाइलवर राइट क्लिक करून 'जनरेट व्हिज्युअल स्टुडिओ प्रोजेक्ट फाइल्स' म्हणा आणि पुन्हा बिल्ड करा. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, वापरत असाल, आणि वापराच, तर हीच चार फोल्डरं गिटइग्नोरमध्ये टाका आणि यूअ‍ॅसेट, यूमॅप फाइलींसाठी गिट एलएफएस ही मोठ्या फाइलींची सोय लावा.

कोण कोणाला बोलावतं

कॉलेजात शिकलेल्या प्रोग्रॅममध्ये मेन फंक्शन असतं आणि तिथून सगळं आपण चालवतो. इथे मेन आपल्या हातात नाही. ते इंजिनाकडे आहे, ते अखंड चालू असतं, आणि ठरलेल्या क्षणी आपलं एखादं फंक्शन कॉल करतं. आपण फक्त त्या क्षणांना काय करायचं ते लिहून ठेवतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप सुटतं.

दारासाठी तीन क्षण लक्षात ठेवा. पहिला कन्स्ट्रक्टर. दुसरा बिगिन-प्ले, म्हणजे गेम सुरू होऊन ही वस्तू जगात आली तो क्षण. तिसरा टिक, म्हणजे प्रत्येक फ्रेम.

यातला कन्स्ट्रक्टर सर्वांत फसवा. गेम सुरू व्हायच्या कितीतरी आधी, एडिटर उघडतानाच इंजिन तुमच्या प्रत्येक क्लासचा एक नमुना ऑब्जेक्ट बनवतं. त्याला क्लास डिफॉल्ट ऑब्जेक्ट म्हणतात. कन्स्ट्रक्टर त्याच्यासाठीही चालतो. त्या वेळी ना जग असतं, ना खेळाडू, ना दुसरं दार. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये 'खेळाडू कुठे आहे' असं विचारलं की एडिटर उघडायच्या आतच कोसळतो, आणि मग दुरुस्त करायला एडिटरच उघडत नाही. नियम सोपा ठेवा : कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त स्वतःचे भाग जोडायचे आणि सुरुवातीचे आकडे ठरवायचे. जगाशी संबंधित जे काही असेल ते बिगिन-प्लेमध्ये.

क्लासच्या नावांपुढचं अक्षर बघून गोंधळू नका. जगात ठेवता येते अशी वस्तू म्हणजे अ‍ॅक्टर, त्यांच्या क्लासला पुढे ए लागतो. इंजिनाच्या देखरेखीखालच्या बाकी ऑब्जेक्टना यू, साध्या स्ट्रक्टना एफ, एनमला ई, टेम्प्लेटना टी. बूलियन व्हेरिएबलच्या आधी छोटा बी. ही नुसती शिस्त नाही; अ‍ॅक्टरच्या क्लासला ए लावला नाही तर अनरियल हेडर टूल बिल्डच होऊ देत नाही.

हे हेडर टूल काय करतं? कंपायलरच्या आधी ते तुमच्या हेडर फाइली वाचतं आणि यू-क्लास, यू-प्रॉपर्टी, यू-फंक्शन या खुणा शोधतं. शुद्ध सी प्लस प्लसमध्ये एखाद्या क्लासला 'तुझी व्हेरिएबलं कोणती' असं चालू प्रोग्रॅममध्ये विचारता येत नाही. या खुणांमुळे इंजिनाला ते विचारता येतं. तुमचं व्हेरिएबल एडिटरच्या पॅनलमध्ये दिसतं, सेव्ह होतं, ब्लूप्रिंटमधून वापरता येतं, ते याच खुणेमुळे. आणि गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढून टाकणारा भाग, तोही तीच बघतो. एखाद्या ऑब्जेक्टचा पॉइंटर तुम्ही जवळ ठेवलात पण त्यावर यू-प्रॉपर्टी लिहिलं नाही, तर तो ऑब्जेक्ट कोणाला तरी हवा आहे हे इंजिनाला कळतच नाही. साधारण मिनिटभराने सफाई होते आणि तुमचा पॉइंटर मोकळ्या जागेकडे बोट दाखवत राहतो. गेम सुरुवातीला नीट चालतो आणि मिनिटाभराने क्रॅश होतो, असं झालं तर सगळ्यात आधी विसरलेली यू-प्रॉपर्टी शोधा.

आता दार

इथे नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना पहिली चार अक्षरं लिहिली की व्हिज्युअल स्टुडिओ किंवा रायडर पूर्ण इंग्रजी नाव सुचवतंच.

'टूल्स' मेनूतून 'न्यू सी प्लस प्लस क्लास', त्यात 'अ‍ॅक्टर' निवडा. नाव द्या 'स्लायडिंग डोअर', अर्थात इंग्रजीत आणि मधली जागा गाळून. नाव विचार करून द्या, कारण क्लासचं नाव मागाहून बदललं की त्याच्यावर बेतलेले ब्लूप्रिंट अनाथ होतात आणि कॉन्फिगमध्ये रीडायरेक्ट लिहीत बसावं लागतं. इंजिन एक हेडर आणि एक सीपीपी फाइल करून देईल. आता अनरियलचा एडिटर बंद करा आणि कोड उघडा.

हेडरमध्ये प्रायव्हेट भागात तीन कंपोनंटचे, म्हणजे दार ज्यांनी बनतं त्या सुट्या भागांचे, पॉइंटर लिहा : 'रूट'साठी यू-सीन-कंपोनंट, दाराच्या फळीसाठी यू-स्टॅटिक-मेश-कंपोनंट, आणि खेळाडू जवळ आला हे ओळखायला यू-बॉक्स-कंपोनंट. पाचव्या आवृत्तीत हे टी-ऑब्जेक्ट-पॉइंटरमध्ये गुंडाळून लिहितात. प्रत्येकाच्या वर यू-प्रॉपर्टी आणि कंसात 'व्हिजिबल एनीव्हेअर'. मग दोन फ्लोट : किती सरकायचं, १२० सेंटिमीटर, आणि कोणत्या वेगाने, सेकंदाला १२०. यांच्यावर यू-प्रॉपर्टी आणि 'एडिट एनीव्हेअर'. कंपोनंटना व्हिजिबल आणि आकड्यांना एडिट, कारण कंपोनंटचा पॉइंटर कोणी बदलू नये, त्याच्या आतले गुण बदलावेत. आकडा मात्र बदलण्यासाठीच आहे. शेवटी इंजिनाला न दाखवता स्वतःजवळ ठेवायच्या तीन गोष्टी : बंद असतानाची जागा म्हणून एक एफ-व्हेक्टर, आत्ता किती सरकलं आहे तो फ्लोट, आणि उघडायचं की नाही हे सांगणारा बूलियन. फ्लोटला शून्य आणि बूलियनला फॉल्स तिथेच द्या.

अनरियलमधलं एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, एक्स पुढे, वाय उजवीकडे, झेड वर. गुरुत्वाकर्षण उणे ९८० असतं ते याचमुळे. इतर इंजिनातून येणारे इथे हमखास चुकतात आणि दोन सेंटिमीटरचं दार बनवून ते दिसत का नाही म्हणून शोधत बसतात.

कन्स्ट्रक्टरमध्ये 'क्रिएट डिफॉल्ट सबऑब्जेक्ट'ने तिन्ही कंपोनंट बनवा. सीन कंपोनंटला रूट-कंपोनंट करा, फळी आणि बॉक्स दोन्ही 'सेटअप अटॅचमेंट'ने रूटला जोडा. बॉक्स फळीला जोडू नका. फळीला जोडलात तर दार सरकताना बॉक्सही त्याच्याबरोबर सरकेल, खेळाडू बाहेर पडला असं इंजिनाला वाटेल, दार बंद व्हायला लागेल, बॉक्स परत येईल, दार पुन्हा उघडेल. दार तिथल्या तिथे थरथरत राहतं. बॉक्सचा आकार 'सेट बॉक्स एक्स्टेंट'ने द्या : २००, १५०, १००. हे अर्धे आकडे आहेत, मध्यापासून प्रत्येक बाजूला इतकं. म्हणजे प्रत्यक्ष बॉक्स ४०० बाय ३०० बाय २००.

बिगिन-प्लेमध्ये आधी 'सुपर'चं बिगिन-प्ले बोलवा. ही ओळ कधीच गाळू नका, कारण अ‍ॅक्टरचं स्वतःचं बरंच काम तिथे होतं. मग फळीची सध्याची रिलेटिव्ह लोकेशन बंद जागेच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.

खेळाडू आला हे कळण्यासाठी अ‍ॅक्टरमध्ये आधीपासून असलेली दोन व्हर्च्युअल फंक्शनं ओव्हरराइड करा : 'नोटिफाय अ‍ॅक्टर बिगिन ओव्हरलॅप' आणि 'नोटिफाय अ‍ॅक्टर एंड ओव्हरलॅप'. दोन्हींना एकच पॅरामीटर, समोरचा अ‍ॅक्टर. तो पॉन, म्हणजे खेळाडू किंवा संगणक ज्याला चालवतो अशी वस्तू, आहे का हे 'कास्ट' या प्रकार तपासणाऱ्या फंक्शनने बघा, कास्टचं उत्तर नल असेल तर परत फिरा, आणि पॉनला 'इज प्लेअर कंट्रोल्ड' विचारा. हो असेल तर पहिल्या फंक्शनमध्ये बूलियन ट्रू, दुसऱ्यात फॉल्स. बरेच धडे इथे बॉक्सच्या 'ऑन कंपोनंट बिगिन ओव्हरलॅप'ला 'अ‍ॅड डायनॅमिक'ने सहा पॅरामीटरचं फंक्शन जोडायला लावतात. ती पद्धत पुढे लागेलच, एका अ‍ॅक्टरमध्ये दोन बॉक्स आले की. तेव्हा एवढं लक्षात ठेवा की जोडलेल्या फंक्शनवर यू-फंक्शन ही खूण नसेल तर कंपाइल व्यवस्थित होतं आणि गेममध्ये मात्र काहीच घडत नाही.

आता टिक. मोह असा होतो की प्रत्येक फ्रेमला दार दोन सेंटिमीटर सरकवावं. सेकंदाला ६० फ्रेम पडणाऱ्या मशीनवर ते सेकंदात १२० सेंटिमीटर जाईल, ३० पडणाऱ्या लॅपटॉपवर ६०. तोच गेम, दोन वेगवेगळे वेग. म्हणून टिकला मिळणारा 'डेल्टा टाइम' वापरायचा, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदात. एफ-मॅथमधलं 'एफ-इंटर्प कॉन्स्टंट टू' नेमकं हेच करतं : आत्ता कुठे आहे, कुठे जायचं, डेल्टा टाइम, वेग, असे चार आकडे द्या, ते या फ्रेमची नवी जागा देतं आणि टोकाच्या पुढे जात नाही. उघडायचं असेल तर लक्ष्य १२०, नसेल तर शून्य. आलेला आकडा बंद जागेच्या वाय घटकात मिळवा आणि 'सेट रिलेटिव्ह लोकेशन'ने फळीला द्या. सीपीपी फाइलच्या वर बॉक्स कंपोनंट आणि स्टॅटिक मेश कंपोनंटच्या हेडर इन्क्लूड करा. कोड झाला.

बिल्ड, आणि मग ब्लूप्रिंट

व्हिज्युअल स्टुडिओत वर 'डेव्हलपमेंट एडिटर' आणि 'विन ६४' निवडलेलं आहे ना बघा आणि एफ ५ दाबा. बिल्ड होऊन एडिटर डीबगरखालीच उघडेल. ही सवय फार उपयोगाची आहे, कारण क्रॅश झाला की डीबगर थेट त्या ओळीवर थांबतो.

कंटेंट ब्राउझरमध्ये तुमच्या सी प्लस प्लस क्लासवर राइट क्लिक करून त्याच्यावर बेतलेला ब्लूप्रिंट क्लास करा. त्यात फळीला इंजिनाचा साधा क्यूब द्या. तो बाजूला १०० सेंटिमीटर असतो, स्केल ०.१, १.२, २.२ करा आणि झेडमध्ये ११० वर उचला, कारण क्यूबचा केंद्रबिंदू मध्यात असतो. ब्लूप्रिंट कंपाइल, सेव्ह, आणि ओढून नकाशावर ठेवा. प्ले दाबा आणि चालत जा.

सी प्लस प्लस की ब्लूप्रिंट, हा वाद नव्या लोकांत फार चालतो आणि फार वेळ खातो. आत्ता आपण जे केलं तीच त्याची वाटणी : दार कसं वागतं ते सी प्लस प्लसमध्ये, दार कसं दिसतं आणि किती सरकतं ते ब्लूप्रिंटमध्ये. मेशचा, म्हणजे थ्री-डी आकाराच्या फाइलीचा, पाथ कोडमध्ये लिहू नका. उद्या फोल्डर हलवलं की तुटतो.

इथे एक चकवा आहे. कोडमध्ये वेग १२० चा ३०० केला, बिल्ड केलं, तरी दार जुन्याच वेगाने सरकतं. कारण मधल्या काळात तुम्ही ब्लूप्रिंटमध्ये किंवा नकाशावरच्या दारावर तो आकडा हाताने बदललेला असतो, आणि तिथे सेव्ह झालेली किंमत कोडमधल्या किमतीवर मात करते. डिटेल्स पॅनलमध्ये त्या आकड्यापुढे छोटा वळणाचा बाण दिसेल. तो दिसला म्हणजे इथली किंमत मूळापेक्षा वेगळी आहे. क्लिक केलं की मूळ किंमत परत येते.

पुढचे बदल करताना प्रत्येक वेळी एडिटर बंद करावा लागत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ११ एकत्र दाबलं की लाइव्ह कोडिंग चालू एडिटरमध्येच नवा कोड बसवतं. माझा सल्ला असा की हे फक्त सीपीपी फाइलमधल्या फंक्शनच्या आतल्या बदलांसाठी वापरा. हेडरमध्ये नवं व्हेरिएबल आलं किंवा कन्स्ट्रक्टर बदलला, तर एडिटर बंद, बिल्ड, पुन्हा सुरू. एडिटर उघडा ठेवून व्हिज्युअल स्टुडिओतून बिल्ड करायला गेलात तर लाइव्ह कोडिंग चालू आहे, बिल्ड करता येत नाही, असा निरोप येतो. त्याचा अर्थ एवढाच की एडिटर बंद करा.

एरर वाचायची कशी

व्हिज्युअल स्टुडिओची 'एरर लिस्ट' बंद करा आणि 'आउटपुट' टॅब उघडा. एरर लिस्टमध्ये अनरियलचा कोड लाल दिसतो पण बिल्ड व्यवस्थित होतो, असं सर्रास घडतं. शिवाय तिथे एमएसबी ३०७३ नावाची एक एरर येते, 'एक्झिटेड विथ कोड ६'. ती गुगल करू नका. 'बिल्ड फसला' यापलीकडे ती काही सांगत नाही. आउटपुटमध्ये वर जा आणि पहिली एरर शोधा. बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटातल्या असतात.

सुरुवातीला भेटणाऱ्या चुका ठराविकच आहेत. 'जनरेटेड डॉट एच' ही ओळ हेडरमधल्या सगळ्या इन्क्लूडच्या शेवटी हवी. तिच्याखाली चुकून दुसरं इन्क्लूड गेलं की हेडर टूल अडवतं. 'अनडिफाइंड टाइप' म्हणजे नाव माहीत आहे पण त्या क्लासची हेडर सीपीपीमध्ये आणलेली नाही. आणि ज्याला सगळे घाबरतात तो 'अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल' : लिंकर म्हणतोय की फंक्शन जाहीर केलंय पण त्याचा कोड मला सापडत नाही. आधी बघा, तुम्ही हेडरमध्ये फंक्शन लिहून सीपीपीमध्ये त्याचं अंग लिहायला विसरलात का. नसेल तर ते फंक्शन इंजिनाच्या ज्या मॉड्यूलमध्ये आहे ते तुमच्या बिल्ड डॉट सीएस फाइलमधल्या यादीत नाही. उदाहरणार्थ, विजेट, म्हणजे पडद्यावरची बटणं आणि मजकूर, वापरायला यूएमजी मॉड्यूल तिथे लिहावं लागतं. कोणतं मॉड्यूल, हे एपिकच्या एपीआय पानावर प्रत्येक क्लासच्या माहितीत दिलेलं असतं.

दार उघडतच नसेल तर अंदाज बांधत बसू नका. ओव्हरलॅपच्या फंक्शनमध्ये यूई-लॉग मॅक्रोने एक ओळ छापा, लॉग-टेम्प, वॉर्निंग, आणि 'आउटपुट लॉग' खिडकीत बघा. ओळ दिसली तर घोटाळा टिकमध्ये आहे, नाही दिसली तर बॉक्समध्ये. गेम चालू असताना बॅकटिक की दाबून कन्सोलमध्ये 'शो कोलिजन' लिहिलं की अदृश्य बॉक्स डोळ्यांना दिसतो, आणि बरेचदा तो भलत्याच ठिकाणी असतो.

क्रॅशमध्ये 'अ‍ॅक्सेस व्हायोलेशन' आणि शून्यांनी भरलेला पत्ता दिसला तर नल पॉइंटर. कॉल स्टॅकमध्ये इंजिनाच्या ओळी सोडून तुमच्या फाइलीचं नाव असलेली सर्वांत वरची ओळ बघा, तिथल्या पॉइंटरला 'इज व्हॅलिड' विचारून मगच वापरा.

दारावर मराठी पाटी

दार झालं की त्यावर 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी लावून बघा. आपल्या भाषेत गेम करायचा तर हे आज ना उद्या लागणारच, आणि इंग्रजी धड्यांत ते कुठेच सापडत नाही. टेक्स्ट रेंडर कंपोनंटच्या वाटेला जाऊ नका; तो अक्षरं सुटी सुटी मांडतो, जोडाक्षरं जुळवत नाही. विजेट ब्लूप्रिंटमध्ये टेक्स्ट ब्लॉक ठेवा आणि तो विजेट कंपोनंटने दारावर बसवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे फुकट फाँट आहेत; त्यांची टीटीएफ फाइल कंटेंट ब्राउझरमध्ये ओढा, फाँट अ‍ॅसेट करा आणि टेक्स्ट ब्लॉकला द्या. एवढं करूनही 'प्र' फुटून प आणि र वेगळे दिसले, किंवा 'षि'ची वेलांटी चुकीच्या बाजूला गेली, तर टेक्स्ट ब्लॉकच्या लोकलायझेशन विभागातलं 'टेक्स्ट शेपिंग मेथड' फुल शेपिंग करा.

मजकूर कोडमध्ये लिहायचा असेल तर खेळाडूला दिसणारं सगळं एफ-टेक्स्टमध्ये ठेवा. एफ-स्ट्रिंग जोडाजोडीसाठी, एफ-नेम ओळख पटवण्यासाठी. भाषांतर होतं ते एफ-टेक्स्टचंच. मराठी वाक्यं सीपीपी फाइलीत न पेरता स्ट्रिंग टेबल अ‍ॅसेटमध्ये ठेवलीत तर फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली हा प्रश्नच उरत नाही.

यानंतर याच दाराला कुलूप लावा. किल्ली हा वेगळा अ‍ॅक्टर, ती उचलली की खेळाडूच्या कॅरेक्टरमध्ये नोंद, आणि दाराने उघडण्याआधी ती नोंद विचारायची. दोन क्लासनी एकमेकांशी बोलायचं कसं, हा खरा प्रश्न तिथे पहिल्यांदा समोर येतो. इंटरफेस आणि डेलिगेट हे विषय तेव्हा उघडा, त्याआधी नको. एफ १२ दाबून अ‍ॅक्टर डॉट एच ही इंजिनाची हेडर फाइलही तेव्हाच एकदा वरून खाली वाचा. बिगिन-प्ले, टिक, नोटिफाय अ‍ॅक्टर बिगिन ओव्हरलॅप ही तुम्ही वापरलेली फंक्शनं तिथे सापडतील, आणि त्यांच्या आजूबाजूला पुढच्या कामाला लागतील अशी कितीतरी, बऱ्याचशांवर छोटी टीप असलेली.